उंबरठ्यावरचा तुर्कस्तान



संयोजकांनी मला बोटीवरच्या गमती सांगायला बोलावलं आहे. त्या जेवणाच्या पंगतीत सांगेन. समोर भूगोलाच्या बाई बसल्यात, तेव्हा आधी एका सामुद्रधुनीबद्दल बोलतो.

व्यापारी जहाजावर अधिकारी असताना बॉस्फरसमधून माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. लांबी सुमारे ३० किलोमीटर, सर्वांत अरुंद ठिकाणी रुंदी जेमतेम ७०० मीटर. एका हाताला युरोप, दुसऱ्या हाताला आशिया, आणि दोन्ही किनारे तुर्कस्तानचे. वळणं अशी की जहाजावर सगळे गप्प होतात. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात यायचं तर जहाजांना हीच वाट. १९३६च्या माँत्रो करारानं इथल्या युद्धनौकांच्या ये-जा करण्यावर तुर्कस्तानचं नियंत्रण आहे. २०२२मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटलं, तेव्हा तळावर परतणाऱ्या सोडून दोन्ही देशांच्या युद्धनौकांना त्यानं ही वाट बंद केली.

इतका मोक्याचा देश युरोपीय संघात अजून का नाही? साखरपुडा तर १९६३मध्येच झाला, अंकारा करारानं. सदस्यत्वाचा अर्ज १९८७मध्ये, उमेदवारी १९९९मध्ये, वाटाघाटी २००५पासून. ३५ प्रकरणांपैकी १६ उघडली, आणि तात्पुरतं का होईना, मिटलं ते एकच: विज्ञान व संशोधन. २०१८पासून सगळं ठप्प. उलट युक्रेननं २०२२च्या फेब्रुवारीत अर्ज केला आणि जूनमध्ये त्याला उमेदवारी मिळाली.

सायप्रसचा वाद, न्यायालयांचं स्वातंत्र्य, पत्रकारांची धरपकड ही कारणं खरी आहेत, ती मी झाकत नाही. साडेआठ कोटींच्या आसपास लोकसंख्येचा देश आत आला, तर संघाच्या संसदेत तो जर्मनीच्या बरोबरीनं बसेल, ही धास्तीही आहे. पण मला वाटतं, खरी गोम वेगळीच आहे. तुर्कस्तानकडून हवं ते संघाला सदस्यत्व न देताच मिळतं. संरक्षणासाठी तो १९५२पासून नाटोत आहे. अझरबैजानचा गॅस त्याच्या जमिनीवरून युरोपात जातो. २०१६मध्ये निर्वासितांना थोपवण्याचा करार झाला; सीरियन निर्वासितांसाठी ६ अब्ज युरो ठरले. अंगणातच सगळं मिळत असेल, तर घरात कोण घेतो?

तुर्कस्तानही काही भोळा नाही. स्वीडनचा नाटोप्रवेश त्यानं २०२४च्या जानेवारीपर्यंत लोंबकळत ठेवला, आणि रशियाकडून क्षेपणास्त्र यंत्रणाही घेतली.

मला मात्र वाईट वाटतं ते तिथल्या ट्रकचालकांचं. जकात संघामुळे कारखान्यातला तुर्की माल १९९६पासून युरोपात जकातीविना जातो. तो माल घेऊन निघालेला चालक मात्र व्हिसासाठी रांगेत उभा असतो.