अंगणातला किल्ला

दिवाळीची सुट्टी लागली की वाड्यातली पोरं मातीच्या शोधात निघायची. दगड-विटा रचायच्या, त्यांवर ओलं गोणपाट पसरायचं आणि वरून चिखलाचा गिलावा. आठवीतला दादा बुरूज घडवणार, पाचवी-सहावीतले त्याच्या हाताखाली, आणि बालवाडीतल्या चिमुरड्याकडे पाणी आणायचं काम. ते तो इमानेइतबारे करी, कारण कधीतरी बुरुजाचा मान आपल्याकडे येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असे. उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरली की चार दिवसांत हिरवळ दिसू लागे. मग मातीचे मावळे पायऱ्यांवर आणि माथ्यावर, सिंहासनावर, शिवाजी महाराज.

या सगळ्या खटाटोपात मोठी माणसं कुठेच नसत. त्या बालपणाची मला ओढ वाटते ती यासाठी. माती आजही पोत्याने विकत मिळते, तयार किल्लासुद्धा मिळतो. दुर्मिळ झाली ती लहानमोठ्यांची एकत्र टोळी आणि तिची रिकामी दुपार. वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या, अंगणाच्या जागी फरशा आणि मोटारी आल्या. सुट्टीतली शिबिरंही वयोगटानुसार. मग धाकट्याने थोरल्याचं पाहून शिकायचं कुठे? सोसायट्यांमध्ये किल्ल्यांच्या स्पर्धा भरतात, पण तिथेही पुष्कळदा बुरूज बाबाच थापत असतात.

तरी जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. आमच्या किल्ल्यात मुलींच्या वाट्याला फार तर समोरची रांगोळी येई. त्याआधीच्या पिढ्यांत तर मुलींचं बालपणच आखूड होतं. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरलं १४ वर्षं, आणि तेही कितीतरी घरांनी पाळलं नाही. ज्या वयात पणजी सासरी भाकऱ्या थापत होती, त्या वयाची पणती आज कोपरापर्यंत चिखलात हात घालून तटबंदी लिंपते. हे पाहताना माझं मन भरून येतं.

आजच्या मुलांना माहितीही आमच्यापेक्षा जास्त आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांतले ११ महाराष्ट्रातले. आम्ही कॅलेंडरवरच्या चित्रावरून रायगड करायचो. ही मुलं रायगड चढून आलेली असतात, महादरवाजा कुठे वळतो ते सांगतात.

म्हणून पालकांना एक विनंती आहे. येत्या दिवाळीत इमारतीच्या एका कोपऱ्यात दोन पोती लाल माती टाकून द्या, सगळ्या मजल्यांवरच्या लहानमोठ्या मुलांना खाली पाठवा, आणि आपण घरात फराळाचं बघा. बुरूज कलला, तर कलू द्या.