घरी ओतलेली गोळी, तिला मानवणारी बंदूक

अमेरिकेत बरेच हौशी नेमबाज शिसं वितळवून घरीच गोळ्या ओततात. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, पण ते मऊ. वेग फार वाढला की त्याचा थर नळीत आतून चिकटतो, नेम बिघडतो. म्हणून माझ्या आवडीच्या बंदुका जुन्या वळणाच्या: कोल्टचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर आणि .45-70 काडतुसाची स्प्रिंगफील्ड रायफल. दोन्ही 1873 च्या, मुळात शिशाच्याच गोळीसाठी घडवलेल्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, कम्पॅटिबिलिटीचा प्रश्नच नाही! पण एक सांगतो, शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते. तेव्हा ओतकाम स्वयंपाकघरात कधीच नको. मोकळ्या हवेत करा, आणि हात धुतल्याशिवाय लेकराला उचलू नका.