साइटवर पाठवता, शिकवता का?

(सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलामुलींच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत कंत्राटावर माल उचलतो, वेळ मिळेल तेव्हा कविता लिहितो. तुम्ही इंजिनिअर होणार. मी तुम्हाला काय शिकवणार? पण तुम्ही ज्या लोखंडाची गणितं वहीत सोडवता, ते जहाजातून उतरतं तेव्हा आमच्या हाताखालून जातं. तेवढ्या नात्यानं बोलतो.

तुमच्या कोर्सात आता इंटर्नशिप आली. एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमानं ती क्रेडिटात बसवली. सहाशे-सातशे तासांची भाषा झाली. कागद झकास आहे. पण साइट कोण शोधणार? कॉलेज म्हणतं, तुमची तुम्ही बघा. सगळी गोम इथं आहे. ज्याचा काका बिल्डर, त्याचं सर्टिफिकेट घरपोच. ज्याचा बाप रोज सकाळी नाक्यावर उभा राहतो, त्याचं पोरगं अर्ज घेऊन ऑफिसं झिजवतं. तिथं पहिला प्रश्न आडनावाचा. दुसरा, राहता कुठं? तिसरा प्रश्न येतच नाही.

माझा धाकटा भाऊ असाच एका साइटवर सहा आठवडे होता. काय केलं त्यानं? गेटवर ट्रकचे नंबर उतरवले, सिमेंटच्या गोण्या मोजल्या, साहेबाला चहा आणून दिला. नकाशा त्याच्यासमोर एकदाही उघडला नाही. त्याच्याच वर्गातला, मालकाच्या नात्यातला पोरगा मात्र लेव्हल लावायला शिकला. शेवटी दोघांच्या कागदावर शिक्का एकच. मला चीड त्याची येते. आमच्या आयांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या त्या काही कुठल्या कोर्सात शिकून नव्हे, ते काम जन्माबरोबर गळ्यात मारलं गेलं. आता त्यांची पोरं नकाशा वाचायला आली तर पुन्हा गोण्या मोजायला बसवता?

आणि सहा आठवडे काही थोडे नाहीत. बेचाळीस दिवस होतात. काँक्रीटचा क्यूब १५० मिलिमीटरचा, तो सात दिवसांनी फोडतात, मग अठ्ठाविसाव्या दिवशी फोडतात. म्हणजे एका पोराला एक स्लॅब पहिल्यापासून शेवटपर्यंत बघता येतो. सळई बांधताना बघा, कव्हर ब्लॉक बसवलेत का बघा, माल ओतताना स्लम्प घ्या, पाणी किती दिवस मारलं ते लिहा, क्यूब स्वतःच्या हातानं भरा आणि फुटताना समोर उभे राहा. आयएस ४५६ म्हणतं, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस ठेवा, त्याहून लांब असेल तर चौदा. कंत्राटदाराला घाई असते. टेकू लवकर निघतात आणि रजिस्टरात तारीख मागची पडते. ती तारीख कुणाच्या अक्षरात लिहून घेतात? नवशिक्या पोराच्या. उद्या स्लॅब खाली आला तर खाली सापडणार बिगारी, आणि पोलिसासमोर उभा राहणार तो पोरगा. म्हणून सांगतो, जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही करू नका. आणि सही नाकारली म्हणून मार्क कापले जाणार नाहीत, हे कॉलेजनं लेखी द्यायला हवं. ही माझी पहिली मागणी.

आता कायद्याचं. अप्रेंटिसेस कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात पदवी आणि डिप्लोमावाले आले, त्याच दुरुस्तीनं अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखीव ठेवायला सांगितलं. करारपत्र आहे, विद्यावेतन आहे, कामाच्या तासांना मर्यादा आहे, इजा झाली तर जबाबदारी मालकावर आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये ठरवले होते. पण हे सगळं करार केलेल्या अप्रेंटिसला. शिकता शिकता साइटवर पाठवलेला विद्यार्थी यात बसत नाही. तो कामगार नाही, अप्रेंटिसही नाही. कॉलेजची फी भरून फुकट राबणारा, एवढीच त्याची ओळख. ज्याच्या घरून गाडीभाडं निघतं तो टिकतो, बाकीचे खोटं सर्टिफिकेट मिळवून उन्हाळाभर कुठंतरी रोजंदारी करतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पोट आहे.

हे दुखणं जुनं आहे. बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारला जे निवेदन दिलं त्यात अस्पृश्य मुलांना सरकारी छापखान्यात आणि रेल्वेच्या वर्कशॉपात शिकाऊ म्हणून घ्या, अशी मागणी होती. कारण वर्गातल्या बाकावर जागा मिळाली तरी यंत्राजवळ जागा मिळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा साइट वाटायचं काम कॉलेजनं आपल्या अंगावर घ्यावं, यादी नोटीस बोर्डावर लावावी आणि चिठ्ठ्या टाकाव्यात. ओळखीपाळखीचा धंदा बंद. विद्यावेतन आणि विमा ठरल्याशिवाय पोरं पाठवू नयेत. रोजची डायरी असावी आणि प्राध्यापकानं साइटवर येऊन ती बघावी. फोनवरून 'सगळं ठीक ना?' हे चालणार नाही. मुलींसाठी संडास आहे का हे आधी बघावं. हे बोलताना काही जण हसले. हसू नका, त्यापायी मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

अजून एक, जे ऐकायला तुम्हालाही जड जाईल. साइटवरचा म्हातारा गवंडी ओळंबा सोडून भिंत किती कलली ते सांगतो. सेंट्रिंगवाला टेकूवर थाप मारून सांगतो की हा सैल आहे. त्याला कॉलेजनं मानधन द्यावं आणि तुमच्या डायरीवर त्याचा अंगठा घ्यावा. इंजिनिअर झालात तरी त्याला 'ए' म्हणून हाक मारू नका, बहुतेक वेळा तो तुमच्याच वस्तीतला असतो.

रविवारी पुन्हा जमू. ज्यांची इंटर्नशिप झाली त्यांनी आपापले रिपोर्ट घेऊन या. काय लिहिलंय आणि खरं काय केलं, हे दोन्ही शेजारी शेजारी मांडू. त्यातूनच कुलगुरूंना द्यायचं निवेदन तयार होईल. मजकूर तुम्ही सांगा, लिहून काढायला मी बसतो.