पाच काळ्या पट्ट्यांचा भूप

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



पोळा झाला, गोटमार आटोपली की आपल्या पांढुर्णा-सौंसरला गणपतीचे वेध लागतात. आरतीला पोरं झांजा घेऊन पुढे येतात, पण पेटी पुढे केली की मागे सरतात. भजनात पेटीवर फिरणारे हात आता साठीपलीकडचे झाले. २०२३ साली आपला वेगळा जिल्हा झाला. शाळा-कचेरी हिंदीतच, मराठी टिकली ती घरात आणि भजनात. पेटी थांबली तर भजनाचे काय, ही आमची काळजी आहे.

आम्हीही घाबरत होतो. आम्ही डिप्लोमावाले सरकारी नोकर. चाळिशीनंतर पेटीला हात लावला. सोपी वाट सापडली ती भूप रागात. सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर. म आणि नी वर्ज्य. पाश्चात्त्य संगीतात यालाच मेजर पेंटाटॉनिक म्हणतात. स्कॉटलंड आणि चीनच्या लोकगीतांतही हे स्वर भेटतात. म आणि नी गेले की लगतच्या दोन स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर कुठेच उरत नाही. म्हणून नवशिक्याचे बोट चुकले तरी कानाला फारसे खटकत नाही.

काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. एकत्र असलेल्या तीन पट्ट्या सा रे ग, पुढच्या दोन प ध. झाला भूप! त्याच पट्ट्यांत काळी एकला सा धरला तर दुर्गाचे स्वर, काळी पाचला धरला तर मालकंसाचे.

पण आम्ही वर्षभर नुसत्या पट्ट्या मोजत होतो. एका जाणत्या बुवांनी टोकले, "भाऊ, धैवतावर मुक्काम करता, हा तर देशकार झाला!" देशकाराचे स्वरही हेच. मात्र त्याचा वादी ध आणि वेळ सकाळची. भूपाचा वादी ग आणि वेळ रात्रीचा पहिला प्रहर. आता आम्ही 'सा रे ग, प ग, ध प ग, रे सा' असे गंधारावर थांबत वाजवतो. किशोरीताई आमोणकरांचे 'सहेला रे' ऐका, पाच स्वरांत किती मावते ते कळेल.

विसर्जनापर्यंत रोज आरतीनंतर पेटी मांडवातच राहील. पोरांनो, या आणि पाच पट्ट्या वाजवून पाहा. चुकलात तर आम्ही हसणार नाही, आम्हीही चुकतच शिकलो.

गणपती बाप्पा मोरया!