काळ्या पडद्याची गोष्ट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तू नक्की काय काम करतेस गं?" हा प्रश्न आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला तीनदा विचारला गेला. तिन्ही वेळा मी हसरा चेहरा टाकून सुटका करून घेतली. आज संयोजकांनी हातात माइकच दिला आहे, तेव्हा उत्तर देते.

आपल्या शाळेची संगणकाची खोली आठवते ना? चपला बाहेर काढायच्या आणि एका यंत्रापुढे चौघांनी दाटीवाटीनं बसायचं. काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं. मी आजही त्याच पडद्यासाठी प्रोग्राम लिहिते. त्याला टर्मिनल म्हणतात. सर्व्हर सांभाळणारे लोक आणि काही गोदामं, कारखाने तो अजून वापरतात. लाइन हळू असली तरी तो चालतो, आणि बोटांना पाठ झालेलं काम त्यावर झपाट्यानं होतं.

या पडद्यावर चौकटी, याद्या, रकाने काढायचे तर आम्ही तयार लायब्ररी घेतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रामला जोडता येणारा भाग. यातली जुनीजाणती म्हणजे कर्सेस. १९८०च्या सुमारास बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केन अर्नोल्ड यांनी ती लिहिली. तिचा आजचा अवतार एनकर्सेस. कोणत्या टर्मिनलला कोणती खूण समजते याची नोंदवही ती वाचते आणि पडद्यावर जेवढं बदललं तेवढंच पाठवते. तिच्या जोडीला एस-लँग आहे. मिडनाइट कमांडर हा प्रसिद्ध प्रोग्राम या दोन्हींपैकी कोणत्याही लायब्ररीवर बांधता येतो. अलीकडे पायथनमध्ये टेक्स्चुअल, गो भाषेत बबल टी अशा नव्या लायब्ररी आल्या. त्या दिसायला देखण्या आहेत आणि त्यांत काम भराभर होतं.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी औषधांच्या एका गोदामासाठी माल रवाना करण्याचा प्रोग्राम नव्यानं लिहायचा होता. मी एक नवी लायब्ररी निवडली. कारण विचाराल तर माझ्या लॅपटॉपवर ती सुंदर दिसत होती. ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली. लायब्ररीचा त्यात काही दोष नव्हता. ती कुठे चालणार आहे, हे मी पाहिलंच नाही.

गोदामातलं टर्मिनल जुनं होतं आणि लाइन मंद. पहिल्याच दिवशी चौकटींच्या जागी विचित्र अक्षरं उमटली. एक कळ दाबली की पडदा उमटायला वेळ लागे. तिथे बावीस वर्षं काम केलेल्या एक बाई होत्या. त्या पडद्याकडे न बघता कळा दाबत, आणि पडदा मागे राहिल्यामुळे आकडे भलत्याच रकान्यात जात. त्या मला शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, दिसतंय छान. पण माझा हात अडतोय." बाहेर दोन ट्रक उभे होते. त्या रात्री सगळी चलनं आम्ही हातानं लिहिली. त्या बाई साडेअकराला घरी गेल्या.

नंतरच्या दीड महिन्यात मी तो भाग एनकर्सेसवर पुन्हा लिहिला. चौकटी नीट आल्या, कळा लगेच उमटू लागल्या. एक प्रश्न मात्र राहिला, तो आपल्या मराठीचा. टर्मिनल म्हणजे चौकटीची वही, एका घरात एक अक्षर. 'श्रीकृष्ण' हे नाव आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, पण संगणकाच्या लेखी त्यात नऊ खुणा आहेत. श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी असं मोजत जा. त्याला किती घरं द्यायची, यावर लायब्ररी आणि टर्मिनल यांचं एकमत होईलच असं नाही. नाही झालं की पुढचे सगळे रकाने सरकतात. लायब्ररी बदलूनही हे सुटलं नाही. शेवटी तोडगा अगदी साधा निघाला. गिऱ्हाइकाचं नाव शेवटच्या रकान्यात टाकलं आणि त्याच्या उजवीकडची रेघ काढून टाकली. सरकायला पुढे काही उरलंच नाही!

तेव्हापासून निवड करताना मी काही प्रश्न आधी विचारते. सगळ्यात जुनं यंत्र आणि सगळ्यात मंद लाइन कुठे आहे? तिथे पडद्यापुढे कोण बसतं? मराठी नावं येणार का? माझ्यानंतर हे कोण सांभाळणार, आणि त्याला कोणती भाषा येते? पायथनमध्ये लिहायचं असेल तर लिनक्सवर कर्सेस बहुधा सोबतच मिळते, विंडोजवर मिळत नाही, हेही पाहावं लागतं. नुसते दोन प्रश्न विचारायचे असतील तर लायब्ररीही नको, 'डायलॉग' नावाचा छोटा प्रोग्राम पुरतो. आणि सगळे नवे, ताकदवान लॅपटॉप असतील, तर नवी देखणी लायब्ररी मी आनंदानं घेते. जुनं तेच चांगलं, असं मला म्हणायचं नाही.

आपल्या गणिताच्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, उत्तर बरोबर आलं तरी तुम्ही समासात 'हीच रीत का?' असं लिहून वही परत करायचात. तेव्हा फार राग यायचा. त्या गोदामाच्या प्रोग्रामच्या पहिल्या पानावर आता मी पाच ओळी लिहून ठेवल्या आहेत : कोणती लायब्ररी घेतली, कोणती सोडली आणि का. उद्या माझ्या जागी येणाऱ्या मुलामुलींना त्या उपयोगी पडतील. एवढं लिहायला मला शाळा सोडल्यावर बरीच वर्षं लागली, बाई. उशिरा का होईना, वही पूर्ण करून आणली आहे.