आधी दवाखाना, मग फोन

रोवणीचे दिवस आहेत. साकोली, लाखनी, लाखांदूरकडची माणसं दिवसभर बांधीत वाकलेली असतात आणि रात्री जेवण झालं की जिथे जागा मिळेल तिथे अंग टाकतात, बरेचदा जमिनीवरच. म्हणून आज मी सापाबद्दल आणि फोनबद्दल बोलणार आहे. दोन्ही एकदमच.

मण्यार रात्री निघतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण बरेचदा शोधूनही सापडत नाही. काही तासांनी पोट दुखतं, उलटी होते. मग पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं, थुंकी गिळवत नाही आणि शेवटी श्वास अडतो. आता पहाटे तीन वाजता घरात काय होतं, ते पाहा. पोरगं पोट धरून उठलं. बापाने उशाचा फोन घेतला, व्हॉट्सॲपमधल्या चॅटबॉटच्या त्या निळ्या कड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, मुलाचं पोट दुखतंय, काय देऊ? उत्तर लगेच येतं, स्वच्छ मराठीत: अपचन असेल, कोमट पाणी द्या, ओवा द्या. बहुतेक पोटदुखीला ते लागूही पडेल. पण बापाने साप लिहिलाच नव्हता, कारण साप त्याने पाहिलाच नव्हता. आणि पोराची पापणी फोनला दिसत नाही.

हा चॅटबॉट म्हणजे घरी आलेला बोलका पाहुणा समजा. खूप वाचलेला, गोड बोलणारा. त्याला बसायला द्या, चार गोष्टी विचारा, पोरांचं गणित सोडवून घ्या. पण आपल्या बांधीत पाणी किती आणि कोणता धुरा फुटतो, हे त्याने पाहिलेलं नाही. मग धुरा कुठे फोडायचा ते त्याला ठरवू द्याल का? शिवाय हा पाहुणा माहीत नसलं तरी गप्प बसत नाही, तेवढ्याच ठामपणे बोलतो. आणि पोरगं तापलं, तर उठून सोबत येत नाही.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज त्याहून वाईट. 'नाजा-200' या होमिओपॅथीच्या औषधाचे थेंब जिभेवर टाका, सापाचं विष उतरतं, असा मेसेज कित्येक वर्षं फिरतो आहे. बाप्पा, अशी बाटली फडताळात ठेवून निर्धास्त राहू नका! सापाच्या विषावर औषध एकच, प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ते एकच चालतं आणि ते शिरेतूनच द्यावं लागतं.

दवाखान्यात काय होतं, तेही ऐका. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतात, ती वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरपी करून बघतात. रक्त गोठलेलं नसेल, तर घोणशीसारख्या सापाचं विष भिनलं आहे. मण्यारासाठी रोग्याला वर बघायला लावतात, पापण्या उचलतात का ते पाहतात, एका श्वासात आकडे मोजायला लावतात. हे माणसाने माणसाजवळ बसूनच करायचं काम आहे. म्हणून पुन्हा सांगते, आधी दवाखाना. फोन उचलायचाच तर 108 लावायला उचला.

फोनला विचारून फसणं अडाणी माणसाचंच होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या एका साठ वर्षांच्या गृहस्थांची हकीकत 2025 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. कॉलेजात आहारशास्त्र शिकलेले. जेवणातल्या मिठाला पर्याय त्यांनी चॅटबॉटला विचारला आणि तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाल्लं. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतो आहे असं त्यांना वाटू लागलं, भास होऊ लागले, रुग्णालयात ठेवावं लागलं. समोर कोणी डॉक्टर असता तर त्याने पहिल्यांदा विचारलं असतं, भाऊ, मीठ बदलताय कशासाठी?

कॉलेजातली आपली पोरंपोरी मनातलं दुखणंही रात्र रात्र याच पाहुण्याला सांगत बसतात. तो सहसा होला हो मिळवतो, आणि तिथेच... हा विषय मोठा आहे, आज त्यात शिरता येणार नाही. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक तेवढा लिहून घ्या, 14416. तिथे माणूस बोलतो, पैसे लागत नाहीत.

वेळ संपत आला. पिटेझरीसारख्या नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या गावांतून साकोलीच्या दवाखान्यापर्यंत यायलाच वेळ जातो, तेव्हा घरात एकही मिनिट घालवू नका. चावलेल्या जागी चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, हात किंवा पाय हलू देऊ नका. साप मारून आणायचीही गरज नाही. दुखणं कधी सुरू झालं आणि आधी काय झालं, पोट की पापण्या, एवढं डॉक्टरांना सांगा. आणि आज रात्री मच्छरदाणी लावाल, तेव्हा तिच्या कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचा.