तिला गटात का नाही विचारलं?
(सुपे येथे ग्रामसंघाच्या मासिक सभेत मांडलेले मनोगत)



आधी माझीच चूक सांगते. गेल्या वर्षी एका वस्तीवर गट बांधायला गेले होते. एका घरातली थोरली लेक पायाने अधू. मी तिच्या आईशीच बोलले, "पेन्शन चालू आहे ना?" एवढं विचारलं आणि उठले. मागून ती म्हणाली, "मॅडम, मला शिवण येतं. मला गटात का नाही विचारलं?" मला उत्तर देता आलं नाही.

हाच प्रश्न जगानेही विचारलाय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८३ साली १५९ क्रमांकाचा करार केला. त्यात म्हटलंय, की दिव्यांगाला योग्य काम मिळावं, ते टिकावं आणि त्यात पुढे जाता यावं, यालाच पुनर्वसन म्हणायचं. बाई आणि पुरुष दोघांना समान संधी. आणि ही सोय फक्त शहरात नको, खेड्यापाड्यांतही हवी. म्हणजे सायकल वाटली, फोटो काढला, की काम संपलं असं नाही.

भारताने या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही. पण आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना गरिबी हटवण्याच्या योजनांत ५ टक्के वाटा, त्यातही बायकांना प्राधान्य. आपल्या उमेद अभियानात गटाला एरवी किमान १० जणी लागतात, पण दिव्यांगांचा गट ५ जणांचाही चालतो. आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून विचारा, "यंदा किती झाले, कशावर झाले?"

काही जणी म्हणतात, "हप्ता थकला तर?" अगं, हप्ता तर धडधाकट बाईचाही थकतो. तेव्हा आपण सांभाळून घेतोच ना?

पुढच्या सभेपर्यंत तीन कामं करू. आपापल्या वस्तीवर अशा कोण आहेत, ते बघू. त्यांचं यूडीआयडी कार्ड नसेल तर अर्ज भरून देऊ. आणि घरच्यांना नाही, त्यांनाच विचारू, "तुला काय काम करायचंय?"

ती थोरली आज गटात आहे. हिशोबाची वही तिच्याकडेच असते. सभा आता तिच्या ओट्यावर भरते, कारण तिला आपल्यापर्यंत येणं अवघड, आपल्याला तिच्यापर्यंत जाणं सोपं.